शीर का रुंदावते?

आमवाताचा रुग्ण डॉक्टरांपुढे आपले हात धरतो. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, बोटांच्या पेरांचे सांधे सुजलेले असतात, कपडे पिळणे जमत नाही. फायलीवर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असे नाव लागणारा हा आजार प्रौढांपैकी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली, तिच्यातही प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपासच निघाले. रुग्णांत बायकांची संख्या पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते. या आजाराने माणूस अधू होतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने आयुष्य तोकडे होते, आणि तेही सांध्यांपेक्षा अधिक हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे, हे मात्र रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांनी होणाऱ्या मृत्यूंचा धोका या रुग्णांत इतरांच्या सुमारे दीडपट आढळला आहे. म्हणजे जो दाह बोटांत दिसतो तोच रक्तवाहिन्यांतही काहीतरी करत असतो. तो तिथे नेमके काय करतो आणि ते एखाद्या जिवंत माणसात पाहता येईल का, हा या प्रकरणाचा विषय.

हृदयविकाराचा धोका मोजायची आपली नेहमीची रीत इथे पांगळी पडते. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू, कोलेस्टेरॉल हे आकडे घालायचे आणि पुढच्या दहा वर्षांचा धोका काढायचा. आमवातात कोलेस्टेरॉलचा आकडा चक्क फसवतो. दाह भडकलेला असताना रक्तातले कोलेस्टेरॉल खाली येते आणि तरीही हृदयविकाराचा धोका वाढतो. उपचाराने दाह शमला की तेच कोलेस्टेरॉल वर चढते. टोसिलिझुमॅब हे औषध घेणाऱ्यांत ते हमखास वाढते, पण एटानरसेप्ट या दुसऱ्या जैविक औषधाशी तुलना केली तेव्हा हृदयविकाराचे झटके ठळकपणे वाढलेले दिसले नाहीत. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने यावर काढलेला तोडगा साधा आहे: नेहमीच्या रीतीने निघालेला धोका दीडने गुणावा. हिशेब म्हणून हे ठीक, पण त्यात वीस वर्षे सांधे सुजत राहिलेली बाई आणि पहिल्याच वर्षी औषध लागू पडलेली बाई या दोघींना एकच गुणक लागतो. ज्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना खरोखर झळ लागली आहे तिला वेगळी ओळखायची कशी? माझे म्हणणे असे की डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचे फोटो या कामी येऊ शकतात, मात्र दोन अटींवर. पाहायचे ते धमनीकडे नव्हे, शिरेकडे. आणि एका फोटोवरून भाकीत करायचे नाही, त्याच डोळ्याच्या दोन फोटोंतला फरक मोजायचा.

डोळाच का, याचे उत्तर सोपे आहे. शरीरात रक्तवाहिन्या कातडी न कापता, सुई न टोचता थेट दिसाव्यात अशी दुसरी इतकी सोयीची जागा नाही. बाहुली काळी दिसते ती डोळ्यात आत अंधार असतो म्हणून नव्हे. आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो आणि त्या वाटेत पाहणाऱ्याचे डोके आडवे येते. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झने १८५१ साली काचेच्या पट्ट्या तिरक्या धरून ही अडचण सोडवली आणि पडद्यावरच्या लाल वाहिन्या पहिल्यांदा जिवंत माणसात नीट दिसल्या. तेव्हा तो तिशीही गाठलेला नव्हता. १८८६ मध्ये मानवी पडद्याचा फोटो निघाला, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात त्यासाठीचा कॅमेरा बाजारात आला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचे काम पडणार आहे: निरोगी वाहिनीची भिंत पारदर्शक असते. फोटोत आपण जी रेघ पाहतो ती वाहिनीची नसते, तिच्यातून वाहणाऱ्या रक्ताची असते.

आता धमनी आणि शीर यांच्याविषयी. डोळ्याच्या पडद्यावरून शरीराचा अंदाज बांधायची परंपरा धमनीवर उभी राहिली, कारण ती रक्तदाबाच्या आजारातून आली. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातल्या मार्कस गन यांनी १८९० च्या दशकात मूत्रपिंडाच्या रुग्णांत दाखवले की कडक झालेली धमनी जिथे शिरेला ओलांडते तिथे ती शिरेला चिमटा काढते. १९३९ साली मेयो क्लिनिकमधल्या कीथ, वॅगनर आणि बार्कर या तिघांनी पडद्याच्या अवस्थेवरून रक्तदाबाच्या रुग्णांच्या चार पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवरचे सत्तर टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, चौथ्या पायरीवरचे सहा टक्के. रक्तदाबावर धड औषध नसलेल्या त्या काळात नुसता पडदा पाहून माणसाचे आयुष्य इतक्या स्पष्टपणे सांगता यावे, याचा वैद्यकावर केवढा ठसा उमटला असेल! तेव्हापासून विद्यार्थ्याला शिकवतात ते अरुंद धमनी शोधायला. शीर तिथे असते ती तुलनेपुरती. संगणक आल्यावर हीच सवय आकड्यांत उतरली. अमेरिकेत हजारो माणसांच्या फोटोंवर नव्वदच्या दशकात जे काम झाले त्यात धमनीच्या रुंदीला शिरेच्या रुंदीने भागून एक गुणोत्तर काढत. गुणोत्तर घटले की धमनी आकसली, असे मानत. भागाकार करण्यामागे एक चांगले कारण होते: फोटो लहान-मोठा निघाला तरी गुणोत्तर बदलत नाही. पण गुणोत्तर दोन रीतींनी घटू शकते. अंश कमी झाला तरी, आणि छेद वाढला तरी. ही शाळकरी गणिताची बाब काही वर्षे तज्ज्ञांच्या नजरेआड राहिली.

ती उजेडात आणली रॉटरडॅममधल्या संशोधकांनी. पंचावन्न वर्षांपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांचे फोटो घेऊन त्यांनी धमन्या आणि शिरा वेगवेगळ्या मोजल्या, आणि २००४ साली निष्कर्ष छापला. धमनी रक्तदाबाबरोबर आकसत होती, हे अपेक्षितच. पण शीर स्वतःच्या हिशेबाने रुंदावत होती: ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी जास्त, दाह दाखवणाऱ्या ईएसआर या तपासणीचा आकडा ज्यांचा वाढलेला, जे सिगारेट ओढतात, ज्यांच्या कंबरेचे नितंबांशी गुणोत्तर मोठे, त्यांच्या शिरा रुंद. विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावात चाललेल्या दीर्घ पाहणीतही शिरेची रुंदी आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा यांचे नाते दिसले. पुढे अनेक पाहण्यांची माहिती एकत्र करून, वीस हजारांहून अधिक माणसांवर, पक्षाघाताचा धोका तपासला गेला तेव्हा रुंद शिरांचा संबंध टिकला. धमनीच्या रुंदीचा टिकला नाही. जिला इतकी वर्षे तुलनेपुरते उभे केले होते तीच बोलकी निघाली.

दाहाने शीर का रुंदावावी, हा प्रश्न नवा नाही. किंबहुना दाहाचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास सुरू झाला तोच शिरेपाशी. लाली, सूज, उष्णता, वेदना या दाहाच्या चार खुणा रोमन लेखक सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदल्या होत्या. त्यांच्यामागे काय घडते ते १८६७ साली युलियस कोनहाइमने बेडकाच्या आतड्यालगतच्या पातळ पडद्यात पाहिले. दाह सुरू झाला की वाहिन्या रुंदावतात, प्रवाह मंदावतो, पांढऱ्या पेशी बारीक शिरांच्या कडेला येऊन चिकटतात आणि भिंतीतून बाहेर पडतात. धमनीतून नाही, शिरेतून. दीडशे वर्षांत त्यामागचे रसायन कळत गेले. केशवाहिन्या जिथे एकत्र येऊन बारीक शिरा बनतात तिथल्या अस्तराच्या पेशी दाहाचे संदेश मिळताच पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू बाहेर काढतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-६ हे ते संदेश. आमवाताची आजची महागडी इंजेक्शने ज्यांना अडवतात तेच हे. या संदेशांमुळे नायट्रिक ऑक्साइडही मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि वाहिनी सैलावते. शिरेच्या भिंतीत स्नायू कमी, आतला दाब कमी, त्यामुळे सैलावणे तिच्यात लवकर उमटते. आमवातात हे संदेश सांध्यापुरते थांबत नाहीत, रक्तातून सगळीकडे फिरतात. डोळ्यात कसलाही आजार नसतानाही तिथल्या शिरेपर्यंत ते पोचतातच.

तेव्हा आमवाताच्या रुग्णांत पडद्यावरच्या शिरा रुंद असायला हव्यात, आणि आजार जितका भडकलेला तितक्या अधिक रुंद. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ साली हेच प्रसिद्ध केले: आमवात नसलेल्यांच्या तुलनेत रुग्णांच्या शिरा रुंद होत्या, आणि ज्यांचा आजार जोरात होता त्यांच्यात ती वाढ अधिक होती. अभ्यास लहान होता, तेव्हा त्यावर इमला चढवायचा नाही. पण रॉटरडॅमच्या सर्वसाधारण लोकांत दिसलेले नाते, कोनहाइमच्या बेडकातली घडामोड आणि हा निष्कर्ष, तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात. तीन स्वतंत्र वाटांनी माणूस एकाच जागी येऊन पोचला तर ती जागा खरी असण्याची शक्यता वाढते.

इथे एक गल्लत होऊ शकते. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना प्रत्यक्ष सूज येणे हा वेगळा आजार आहे, आणि तो ओळखायला शिरेची रुंदी मोजत बसावे लागत नाही. १९३७ साली इस्तंबूलच्या हुलुसी बेहचेट यांनी वर्णिलेल्या आजारात, ज्याला आज त्यांचेच नाव आहे, पडद्यावरच्या वाहिन्या अक्षरशः पाझरतात. ते दाखवणारी तपासणी इंडियाना विद्यापीठातल्या हॅरॉल्ड नोवोटनी आणि डेव्हिड अल्विस या दोन विद्यार्थ्यांनी शोधली. दंडातल्या शिरेत फ्लुरोसिन नावाचा रंग टोचायचा, निळ्या प्रकाशात डोळ्याचे भराभर फोटो काढायचे; दहा-पंधरा सेकंदांत रंग पडद्यावर पोचतो आणि धमनी, केशवाहिनी, शीर या क्रमाने हिरवट पिवळा उजळत जातो. त्यांचा निबंध नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने परत पाठवला आणि तो १९६१ साली हृदयविज्ञानाच्या ‘सर्क्युलेशन’मध्ये छापून आला, हा योगायोग आपल्या विषयाला फारच शोभतो. निरोगी पडद्यात हा रंग वाहिनीबाहेर पडत नाही. बेहचेटच्या आजारात तो केशवाहिन्यांतून फर्नच्या पानासारख्या नक्षीत झिरपतो. भारतात तरुण पुरुषांत आढळणाऱ्या ईल्सच्या आजारात शिरांना सूज येते, पुढे त्या बंद पडतात, नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि एखाद्या सकाळी डोळ्यापुढे काळे जाळे येते. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्सने १८८० साली वर्णिलेला हा आजार पाश्चात्त्य देशांत आता विरळ झाला आहे. क्षयाच्या जंतूशी असलेले त्याचे नाते शोधण्याचे बरेचसे काम चेन्नईच्या शंकर नेत्रालयात झाले. अशा रुग्णाला रंगाची तपासणी लागतेच. आमवाताच्या रुग्णाच्या पडद्यात मात्र सहसा काही पाझरत नाही, नजर चांगली असते, आणि डोळ्याचे डॉक्टर ‘पडदा नॉर्मल’ असे लिहून मोकळे होतात. त्या नॉर्मल पडद्यावर काही मायक्रॉनांचा बदल झालेला असतो का, एवढाच आपला प्रश्न.

काही मायक्रॉन, आणि पहिला आक्षेप तिथूनच येतो. मोजणी अशी होते: डोळ्याचा मुख्य मज्जातंतू जिथून आत शिरतो त्या चकतीभोवती एक ठरावीक कडे आखायचे, त्यातल्या सर्वांत मोठ्या सहा धमन्या आणि सहा शिरा निवडायच्या, आणि विस्कॉन्सिनच्या गटाने २००३ साली सुधारलेल्या सूत्राने धमन्यांची मिळून एक आणि शिरांची मिळून एक अशी रुंदी काढायची. शिरांची ही रुंदी सव्वादोनशे मायक्रॉनांच्या आसपास येते, आणि निरोगी माणसामाणसांतच ती वीस मायक्रॉनांनी सहज इकडेतिकडे असते. नेहमीच्या कॅमेऱ्यातला एक ठिपका पडद्यावरचे चार-पाच मायक्रॉन व्यापतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वाहिनी थोडी फुगते आणि ओसरते. लांबट, म्हणजे उणे नंबराचा चष्मा असलेल्या डोळ्यात सगळे काही बारीक दिसते. मोतीबिंदू असेल तर कडा धूसर होतात, आणि आपण पाहतो ती तर भिंतही नव्हे, रक्ताची रेघ. एवढ्या गोंगाटात आमवाताने पडलेला थोडासा फरक ऐकू यायचा कसा? आक्षेप रास्त आहे. एका माणसाच्या एका फोटोवरून ‘तुमच्या रक्तवाहिन्यांना दाह लागला आहे’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण या अडचणींपैकी बहुतेक माणसामाणसांतल्या फरकाच्या आहेत. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी सहा महिन्यांत बदलत नाही. त्याच्या शिरा जन्मजात रुंद असतील तर त्या दोन्ही फोटोंत तशाच असतात. त्याच डोळ्याचा, त्याच कॅमेऱ्याने घेतलेला, त्याच शिरांच्या त्याच तुकड्यावर मोजलेला दुसरा फोटो घेतला तर हा गोंगाट वजा होतो. उरतो तो नाडीचा, आणि लागोपाठ चार-पाच फोटो घेऊन सरासरी काढली की तोही बराच दबतो. शंभर माणसांच्या गटाला लागू पडणारे मोजमाप एका माणसाला लागू पडत नाही, ही वैद्यकातली जुनीच अडचण आहे. इथे तिच्यातून निसटायला निदान वाट आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सिगारेटने शीर रुंदावते, लठ्ठपणाने रुंदावते, साखर वाढल्यानेही. आमवाताचे रुग्ण हालचाल कमी झाल्याने जाड होतात, वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेतात, त्याने साखर चढते. शिवाय सिगारेटने मुळात आमवाताचाच धोका वाढतो. मग रुंद शिरेचे श्रेय दाहाला द्यायचे की या सोबत्यांना? संख्याशास्त्राने हे घटक वेगळे काढता येतात, पण पूर्णपणे कधीच नाही, आणि आकडेमोडीने ‘वजा केले’ असे म्हणणाऱ्यांविषयी थोडा संशय बाळगलेला बरा. माझ्या मते निर्णायक कसोटी वेगळी आहे. दाह हे कारण असेल तर दाह उतरल्यावर शीर आकसली पाहिजे. मेथोट्रेक्झेट किंवा जैविक औषध सुरू झाल्यावर तीन महिन्यांत सांधे ओसरतात. तेवढ्या काळात माणसाचे वजन फारसे बदलत नाही, सिगारेट सुटली तर ते कळते, वय तर बदलतच नाही. सांधे ओसरलेल्यांची शीर आकसली आणि ज्यांना औषध लागू पडले नाही त्यांची तशीच राहिली, तर सोबत्यांवर आळ घ्यायला जागा उरत नाही. उलट दोन्ही गटांत काहीच फरक पडला नाही, तर या प्रकरणात मी मांडलेला युक्तिवाद मोडीत काढायला हवा.

तिसरा आक्षेप संधिवाततज्ज्ञ घेतील. दाह किती आहे हे सांगायला ईएसआर आणि सीआरपी आहेत, गल्लीतल्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होतात. मग कॅमेऱ्याचा खटाटोप कशाला? सीआरपी यकृतात तयार होते, इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरून. टोसिलिझुमॅब नेमके तेच सांगणे अडवते. ते घेणाऱ्या रुग्णाची सीआरपी जवळजवळ शून्यावर येते, मग आजार शमलेला असो वा नसो. अंगात जंतुसंसर्ग असतानाही ती चढत नाही, हा तर डॉक्टरांना माहीत असलेला धोका आहे. म्हणजे ज्या रुग्णाला हे प्रभावी औषध चालू आहे त्याच्यातच हा आकडा मुका होतो. शिवाय सीआरपी हा त्या दिवसाचा आकडा असतो. रक्तात संदेश किती फिरतात एवढे तिला कळते. वाहिनीने तो संदेश ऐकला की नाही, हे शिरेलाच विचारावे लागते.

आणि चौथा: डोळा म्हणजे हृदय नव्हे. हृदयविकाराचा झटका येतो तो तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या धमनीत चरबीचा थर फुटून. पडद्यावरची शीर त्याच्या वीसपट बारीक आणि चरबीचा थर तिच्यात बसतच नाही. पडद्यावरच्या वाहिन्यांना स्वायत्त मज्जातंतूही नसतात, म्हणजे त्यांचे नियमनही निराळे. हे सगळे खरे. रुंद शीर ही झटक्याची पहिली पायरी आहे, असा दावा मी करत नाही. तो दावा चुकीचाच ठरेल. ती एकाच कारणाचा दुसऱ्या जागी उमटलेला परिणाम आहे, आणि त्या कारणाचे हृदयविकाराशी असलेले नाते आता प्रयोगाने दाखवलेले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कँटॉस चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या दहा हजारांवर रुग्णांत इंटरल्युकिन-१ बीटा या दाहाच्या संदेशाला अडवणाऱ्या औषधाची पारख झाली. कोलेस्टेरॉल जागचे हलले नाही, तरी मधल्या मात्रेवर झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून पंधरा टक्क्यांनी घटले. औषध जिवावरच्या जंतुसंसर्गांमुळे आणि किमतीमुळे या कामी रुळले नाही, पण मुद्दा सिद्ध झाला. दोन वर्षांनी मेथोट्रेक्झेटची अशीच चाचणी आली आणि फसली. टीकाकार हीच उदाहरणादाखल पुढे करतात. त्यात रुग्णांची सीआरपी चढलेली असावी अशी अटच नव्हती, आणि औषधाने इंटरल्युकिन वा सीआरपी काही उतरलेही नाही. दाहच उतरला नाही तर झटके कसे उतरतील? मग २०२० मध्ये कोल्चिसिन या गाउटवरच्या जुन्या, स्वस्त गोळीने असे प्रसंग एकतीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. या आक्षेपाच्या पोटात आणखी एक बाब आहे. पडद्यावरच्या वाहिन्यांच्या रुंदीचे हृदयविकाराशी असलेले नाते अनेक पाहण्या एकत्र केल्यावर बायकांत टिकले, पुरुषांत नाही. बायकांचा हृदयविकार मोठ्या धमनीबरोबरच हृदयाच्या बारीक वाहिन्यांतही असतो आणि अँजिओग्राफीत तो सापडत नाही, असे हृदयतज्ज्ञ अलीकडे म्हणू लागले आहेत. आमवात हा मुख्यतः बायकांचा आजार. तेव्हा डोळा आणि हृदय यांच्यातले अंतर या रुग्णांत तरी आक्षेपकांना वाटते त्याहून कमी असावे.

यंत्रांच्या नवलाईविषयी थोडक्यात. १९९१ साली बोस्टनमध्ये जन्मलेली ओसीटी ही तपासणी प्रकाशाच्या परावर्तनातून पडद्याचे थर दाखवते. त्याच जागेचे भराभर अनेक छेद घेऊन त्यांतला फरक काढला की फक्त हलणारे रक्त उरते, आणि रंग न टोचता केशवाहिन्यांचे जाळे समोर येते. आमवातात हे जाळे विरळ होते असे काही लहान अभ्यास सांगतात. पण एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जुळत नाही, आणि सुजलेल्या बोटांनी टेबल धरून बसलेल्या रुग्णाने मान जराशी हलवली तरी चित्रात रेघोट्या उमटतात. दुसरीकडे गूगलच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले की पावणेतीन लाखांहून अधिक माणसांच्या फोटोंवर शिकवलेला संगणक पडद्यावरून वय साधारण सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगतो, आणि बाई की पुरुष हेही जवळजवळ अचूक, जे कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला जमत नाही. फोटोत आपल्याला दिसते त्याहून बरेच काही असते, एवढे यातून नक्की कळते. पण तो संगणक झटक्याचे भाकीत करतो ते बरेचसे वय ओळखल्याच्या जोरावर, आणि रुग्णाचे वय त्याच्या केसपेपरवर लिहिलेलेच असते. नेमकी कोणती वाहिनी पाहून काय ठरवले हे न सांगणाऱ्या यंत्रापेक्षा शिरेची मोजलेली रुंदी मला अधिक उपयोगाची वाटते: ती चुकली तर कुठे चुकली ते तपासता येते.

हे सगळे घडवून आणायला फार काही लागत नाही, निदान आपल्याकडे. आमवाताच्या असंख्य भारतीय रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असते. हे औषध वर्षानुवर्षे घेतल्यावर पडद्याच्या मध्यभागाला इजा करू शकते: मात्रा वजनाच्या किलोमागे रोज पाच मिलिग्रॅमपर्यंत ठेवली तर पहिल्या दहा वर्षांत दोन टक्क्यांहून कमी जणांना, वीस वर्षांनंतर वीस टक्क्यांच्या जवळपास. म्हणून औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा, असे अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि आपल्याकडचे डॉक्टरही त्याच बेताने रुग्णाला डोळ्याच्या दवाखान्यात धाडतात. म्हणजे रुग्ण कॅमेऱ्यापुढे येऊन बसतोच. त्या तपासणीत ओसीटी होते, नजरेचे क्षेत्र मोजले जाते. पडद्याचा साधा रंगीत फोटो त्या औषधाच्या इजेसाठी पुरेसा धरत नाहीत, म्हणून तो बऱ्याचदा काढलाच जात नाही. बेंगळुरूत बनणारा, मोबाइलवर चालणारा कॅमेरा मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहींच्या पडद्यासाठी वापरून झाला आहे आणि तिथे प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घेतलेले फोटो कामाला आले, तेव्हा यंत्र नाही ही सबब उरत नाही. लागेल ते एवढेच: औषध सुरू करायच्या दिवशी एक फोटो, तीन महिन्यांनी दुसरा, मग वर्षाच्या तपासणीबरोबर एकेक, दर वेळी तोच डोळा, तेच यंत्र, चकती मध्यभागी, आणि शेजारी त्या दिवशीच्या सुजलेल्या सांध्यांची संख्या लिहिलेली. आणि मूळ फाइल जपलेली. आज रुग्णाच्या पिशवीत असते ती चकचकीत कागदावरची छापील प्रत, आणि तिच्यावर शीर मोजता येत नाही.